पॅच आणि अखंड दिवा

नवरात्रात कुणी डेटाबेसला पॅच लावतं का? आमच्या कंपनीत लावतात. नई सडकमागच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी एका ऑनलाइन दुकानाचा डेटाबेस सांभाळते. गिऱ्हाइकांनी टोपलीत टाकलेलं सगळं तो मेमरीत धरून ठेवतो. म्हणून उत्तर चटकन देतो, पण बंद पडला की पाटी कोरी. आणि पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती, लावायला तो बंद करावाच लागतो. त्यामुळे आधी दुसऱ्या मशीनवर त्याची चालती प्रत उभी करायची, काम तिच्याकडे सोपवायचं आणि मगच पहिल्याला हात लावायचा. याबाबतीत मी पक्की खडूस आहे. प्रत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाला बटण दाबू देत नाही.

यंदा ज्या दुपारी पॅच लावायचा होता, त्याच दुपारी सासूबाई किला गेटला बहिणीकडे हळदीकुंकवाला गेल्या. जाताना घटापुढचा अखंड दिवा पहिल्यांदाच माझ्यावर सोपवला. "विझायला नको हं," एवढंच म्हणाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मिळालेली बढती होती ती, आणि मला ती मनापासून हवी होती.

मी दिव्यात तेल घातलं, नवऱ्याला शेजारी बसवलं आणि आतल्या खोलीत लॅपटॉप उघडला. पॅच सुरेख लागला. एकाही गिऱ्हाइकाची टोपली रिकामी झाली नाही. स्वतःवरच खूश होऊन बाहेर आले, तर पंखा गरगर फिरत होता आणि दिवा विझला होता.

"गरमी किती होत होती," नवरा म्हणाला. "माचिस दे ना, फटाफट लावून टाकू. आईला पता पण नाही चलणार."

मला रडूच फुटलं. परक्यांच्या टोपल्यांसाठी दोन-दोन मशीनं चालवणारी मी, आणि घरच्या दिव्याला एकच वात. माचिस मात्र मी दिली नाही.

सासूबाई आल्या तशी मी सगळं सांगून टाकलं. नवरा पंख्याचं बटण निरखत उभा राहिला. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि कणकेच्या डब्याआडून एक निरांजन घेऊन आल्या. ते तेवत होतं.

"निघताना याच दिव्यावरून लावून ठेवलं होतं," मोठी वात पेटवत त्या म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाही, आई?"

"सांगितलं असतं, तर याने मी जिना उतरायच्या आतच पंखा लावला असता."

मग त्यांनी ते निरांजन माझ्या हातात दिलं.

"जागेवर ठेवून ये. आणि याला सांगू नकोस कुठे ते."