कडेची ओळ

वजनताई म्हटलं की न पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर कुणीतरी दणकट बाई उभी राहते. प्रत्यक्षात ताईंच्या अंगावर मूठभर मांस नाही. नाव पडलं ते काट्यामुळे. समोर काही आलं की ते काट्यावर ठेवल्याशिवाय या बाईला चैन पडत नाही, मग तो भोपळा असो, ओल्या गवताची पेंढी असो, नाहीतर नव्या साहेबांची बॅग असो. हो, बॅगसुद्धा! पहिल्याच दिवशी साहेब चहाला गेले आणि परत येऊन बघतात तर ताईंनी त्यांची बॅग काट्यावर चढवलेली. "सहा किलो चारशे. रोज एवढं एकाच खांद्यावर? दुखत नाही का हो?" साहेबांनी खांदा चोळला. दुसऱ्या दिवसापासून निम्मे कागद घरी ठेवून येऊ लागले.

ताई कामाला होत्या त्या जागेला कागदोपत्री लांबलचक नाव होतं, पण सगळे तिला 'दाखवायची शेती' म्हणायचे. दोन एकरांचा तुकडा आणि मधून पाहुण्यांसाठी विटांची वाट. वाटेच्या एका बाजूला पोटासाठी लावलेलं: शेंगा, भोपळे, कोबी, कांदे. दुसऱ्या बाजूला चुलीसाठी लावलेलं, म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी केली तरी बुडतील असं उंच गवत. ते कापायचं, बारीक करायचं आणि मोठ्या बंद टाकीत कुजवायचं. त्याचा गॅस नळीतून स्वयंपाकघरात येतो आणि त्यावर वाटेपलीकडच्या शेंगा शिजतात. पाहुण्यांची फेरी संपली की मीठ घालून उकडलेल्या शेंगांची एकेक वाटी त्यांच्या हातात द्यायची. गवतावर शिजलंय म्हटल्यावर लोक एकेक शेंग उलटीपालटी करून, वास घेऊन खायचे.

वाटेच्या तोंडाशी एक फळा होता. त्यावर ताईंच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं असे: 'उंच गवत. सुकं वजन, एकरी चौदा टन.' पाच वर्षं हा आकडा जवळपास तोच निघत होता, आणि तो काढायची ताईंची पद्धत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पाहुण्यांसमोर गवताची दोन मीटर ओळ मोजायची, बुडापासून कापायची, ओली तोलायची. मग त्यातलं मूठभर गवत कागदी पिशवीत घालून भट्टीत सुकवायचं, आणि वजन उतरायचं थांबलं की गुणाकार करायचा. दरवर्षी ओळ तीच, वाटेला लागून असलेली. "आज इथली, उद्या तिथली असं केलं तर ताळमेळ राहील का?" असं ताई विचारायच्या, आणि कुणाची हूं की चूं करायची प्राज्ञा नव्हती. उरलेलं सगळं गवत यंत्राने कापलं जाई आणि न तोलताच टाकीत जाई. एवढी गाडी तोलणारा काटा पंचक्रोशीत नव्हता.

आता ताईंच्या धाकट्या भावाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. भाऊ पंचेचाळिशीचा, भाजीपाल्याचं शेत कसणारा, कुणाच्या बापाचं न ऐकणारा. फक्त ताईचा शब्द त्याला प्रमाण. लहानपणी एकदा त्याने पेरूच्या बिया गिळल्या होत्या. तेव्हा ताईने डोळे मोठे करून सांगितलं, "झालं! आता पोटात झाड येणार. कानातून फांद्या निघणार." बिचारा दोन दिवस जेवला नाही. पाणी प्यायलाही घाबरायचा, झाडाला पाणी मिळेल म्हणून. ताई पोटभर हसली आणि विसरून गेली. भाऊ मात्र आजतागायत पेरूला हात लावत नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, आवडत नाही.

या भावाने फळ्याचा फोटो काढला आणि खिशात घेऊन फिरू लागला. सगळी भाजी उपटायची आणि शेतभर उंच गवत लावायचं, असं त्याने ठरवून टाकलं. हे गवत एकदा लावलं की पंधरा वर्षं मूळ सोडत नाही, त्यामुळे नंतर कांदे लावावेसे वाटले तरी बोंब. लावणीसाठी गवताच्या कांड्या आल्या, ओल्या पोत्यांखाली रचल्या. रविवारी सकाळी ट्रॅक्टर यायचा होता. भावजयीचा जीव त्या भाजीत, त्यातही तिच्या चवळीत. पण दोन महिन्यांपूर्वी हा बेत ठरला तेव्हा ती "वन्संनी मोजलंय म्हटल्यावर मी कोण सांगणार?" एवढंच म्हणाली होती, आणि चवळीचं पिशवीभर बी तिने ताईंना आणून दिलं होतं. "आमच्याकडे आता लागणार नाही. तुमच्याकडे तरी उगवू दे."

तेव्हा उंच गवत नुकतंच कापलेलं होतं; ताईंनी ते बी नेऊन त्याच्या मधल्या दोन ओळींमध्ये टोचलं. एकाच जमिनीत चूलही आणि पोटही भागलं तर काय मजा येईल, या हौसेपोटी. चवळी छान आली, गुडघ्याएवढी. मग पहिल्यांदाच ताईंनी मधल्या ओळीतलं गवत कापलं, सुकवलं आणि गुणाकार केला. उत्तर आलं नऊ.

चौदाचे नऊ! ताईंनी काटा पुसला, परत तोललं. तरी नऊच.

साहेबांचं मत तयार होतं. "चवळीने खाल्लं. सोमवारी पाहुणे यायच्या आत उपटून टाका."

दुसरं कुणी असतं तर उपटून मोकळं झालं असतं. पण ताईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. एवढंसं गुडघ्याएवढं रोप, ते एकरी पाच टन गवत खाईल? ठेवेल कुठे? त्यांनी एक वेल मुळासकट उपटून काट्यावर ठेवला. सगळं मिळून पावशेरही भरेना. चोरी एवढी मोठी आणि चोर एवढासा! शिवाय भावजयीची चवळी. विनाकारण तिच्यावर आळ येऊ देणं ताईंच्या जिवावर आलं. घरी गेल्या तरी डोक्यात तेच. भाकरी थापताना तेच, आणि नवऱ्याने "मीठ विसरलीस" म्हटल्यावर म्हणाल्या, "पण जिथे चवळी नाहीच, तिथे मध्ये किती भरतं?" नवरा बिचारा मिठाचा डबा घेऊन आला.

गुरुवारी सकाळी विळा, दोरी आणि पिशव्या घेऊन ताई शेजारच्या तुकड्यात शिरल्या. तिथे नुसतं गवत होतं, चवळीचं नाव नाही. दोन ओळी ओलांडल्या आणि एकदम सावली झाली. बाहेरून हिरवीगार भिंत दिसायची, आत खांद्यापर्यंत पिवळी, वाळलेली पानं. वाटेच्या कडेचं कांडं अंगठ्याएवढं, इथलं करंगळीएवढं. हवा कोंदट. ताई थबकल्या. पाच वर्षं रोज या गवताजवळून गेलो, आणि ती चवळीची ओळ सोडली तर उभ्या गवतात कधी पाऊल टाकलं नाही! पायाखाली वाळक्या पाल्याचा जाड थर होता, त्यात काहीतरी कडक लागलं. उकरून पाहिलं तर त्यांचा स्वतःचा हरवलेला टेप. चार वर्षांपूर्वी हरवला होता. ट्रॅक्टरवाल्या दादांनीच ढापला असं म्हणून ताईंनी तेव्हा त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला होता. यंत्राने कापताना कुठल्या तरी पेंढीसोबत फेकला गेला असेल. म्हणजे चार वर्षांत इथे माणूस म्हणून कुणी फिरकलंच नव्हतं.

ताई तशाच बाहेर आल्या आणि आधी दादांकडे गेल्या. "दादा, हा बघा टेप. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले."

दादांनी टेप पाहिला, ताईंकडे पाहिलं. "चार वर्षं मी बायकोची बोलणी खातोय, की खरंच घेतला होता का," ते म्हणाले. मग हसले आणि ओळ कापायला मदतीला आले.

पिशव्या भट्टीत गेल्या. शुक्रवारी ताई दर दोन तासांनी तोलत होत्या. शनिवारी दुपारी वजन उतरायचं थांबलं. गुणाकार केला. नऊ टन दोनशे किलो.

चवळी निर्दोष होती. मध्ये चवळी असो वा नसो, गवत नऊच भरत होतं. खोटं बोलत होती ती कडेची ओळ. तिला विटांच्या वाटेवरून एका बाजूने मोकळं ऊन, मोकळी हवा, मुळं पसरायला भांडण नाही. तीच एक ओळ पाच वर्षं मोजली आणि सगळ्या शेताच्या डोक्यावर तिचा आकडा ठेवला. कोणी? आपणच. ताळमेळ राहावा म्हणून!

खरं सांगायचं तर पहिल्यांदा ताईंना आनंदच झाला. कोडं सुटल्याचा आनंद. त्या एकट्याच टाळी वाजवून "अगं बाई!" म्हणाल्या. आणि मग खिशात फळ्याचा फोटो घेऊन फिरणारा भाऊ आठवला, तशी वही उचलून त्या साहेबांकडे धावल्या. उद्या सकाळी ट्रॅक्टर.

साहेबांनी वही पाहिली, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ताई, आकडा वरपर्यंत गेलाय. पुढच्या मोसमात हळूच दुरुस्त करू."

"तुमचा वरपर्यंत गेला असेल. माझा माझ्या भावाच्या शेतापर्यंत गेलाय," ताई म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्याच.

भाऊ बांधावर उभा होता. कांड्यांच्या पोत्यांवर पाणी मारत होता. कोपऱ्यातल्या पेरूच्या झाडाखाली भावजय चवळीच्या शेवटच्या शेंगा तोडून टोपलीत टाकत होती. वाटेत ताईंनी बोलायचं सगळं घोकून ठेवलं होतं, पण भावाने "आलीस? बघ, ताई, सगळी तयारी झाली!" असं म्हटलं आणि घोकलेलं सगळं हवेत गेलं.

"लावू नकोस," त्या म्हणाल्या. "मी चुकीचं मोजलं. चौदा फक्त कडेला भरतं. आत नऊ."

भावाच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. "चुकीचं? तू?"

"मी."

"पाच वर्षं?"

"पाचही वर्षं."

"अगं, मी उद्या उपटणार होतो हे सगळं!" भाऊ कडाडला. "लोक मला वेड्यात काढत होते. त्यांच्या तोंडावर फोटो फेकून मी सांगायचो, माझी बहीण मोजते, तिचं चुकत नाही. लहानपणापासून तुझा एक शब्द खोटा निघाला नाही, ताई!"

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शरमेने त्यांना भावाकडे बघवेना. त्यांची नजर गेली ती पेरूच्या झाडावर. आणि एकदा खरं बोलायला लागलेली बाई, तिला थांबायचं कुठे ते कळेना.

"निघाला होता," त्या पुटपुटल्या. "पोटात झाड येत नाही रे. ते मी गंमत म्हणून सांगितलं होतं."

भाऊ बघतच राहिला. कोबीच्या बांधावर उभा हा बाप्या, दोन लेकरांचा बाप, त्याचं तोंड उघडं ते उघडंच. "म्हणजे ते..." त्याने पोटावर हात ठेवला. "अगं, मला माहीत होतं गं खोटं असणार. शाळेत कळलंच की. पण तू सांगितलं होतंस ना. घास घेतला की उगाच वाटायचं..." आणि पेरूच्या झाडाखाली बसलेली भावजय इतकी खदखदून हसली की टोपली कलंडली आणि शेंगा मातीत सांडल्या. मग भाऊही हसला. आधी नाकातून, मग पोटातून. ताई मात्र रडत होत्या आणि हसत होत्या, दोन्ही एकदम.

जरा वेळाने भावाने नळ बंद केला. पोत्यांकडे पाहिलं, मग शेताच्या चारी बाजूंना. कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "कडेला मात्र चौदा भरतं?"

"हो. ते खरं आहे. ते पाच वर्षं मोजलंय."

"मग माझ्या शेताला कड केवढी आहे?"

ताईंनी सवयीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. आयुष्यात हे दोन शब्द त्यांनी भावापुढे पहिल्यांदाच उच्चारले असतील. पिशवीत हात घालून त्यांनी मातीने माखलेला टेप बाहेर काढला.

टेप गंजला होता, मध्येच अडकायचा. एक टोक भावाच्या हातात, दुसरं ताईंच्या, आणि प्रत्येक टेप संपला की भावजय तिथे काटकी रोवायची. पूर्वेचा बांध झाला, उत्तरेचा झाला. तिसऱ्या कोपऱ्यावर भावजय काटकी हातात धरूनच थांबली. "वन्सं, गवत फक्त कडेनेच ना? मग मधली चवळी राहणार?"

ताईंनी भावाकडे पाहिलं. भाऊ कोपऱ्यातल्या पेरूखाली गेला. त्याने हात वर करून झाडाचा एक पेरू तोडला, सदऱ्याला पुसला आणि निम्मा एका घासात तोंडात टाकला. त्याने दोनदा चावलं आणि थांबला. बियांपाशी आला होता. ताईंच्या डोळ्यांत बघत त्याने बियांसकट घास गिळला, आणि मग टेपचं टोक पुन्हा उचलून चौथ्या बांधाकडे चालू लागला.

"राहणार," तो म्हणाला. "ताई, नीट धर. ओढताना सुटतोय तुझ्याकडचा."