ज्वारीवर ज्वारी

नातीच्या कोपरांवर, गुडघ्यांवर पाण्याचे बारीक फोड यायचे. ती खाजवायची, ते फुटायचे, पुन्हा यायचे. डोक्यात मागच्या बाजूला रुपयाएवढं टक्कल. नखांवर रेघा, टोकं सोललेली. आठ वर्षांची पोर, आणि वर्गात तिच्याशेजारी कोणी बसेना. शेजारच्यांनी कडुनिंबापासून नजर उतरवण्यापर्यंत सगळं सांगून झालं. खरूज समजून मलमं फासली. शेवटी स्वारगेटजवळच्या एका डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, मूळ दुखणं कातडीत नाही, पोटात आहे. हिला गहू चालत नाही. पोळी, रवा, मैदा जन्मभर बंद.

मी सातवी शिकलेला माणूस. गव्हानं केस जातात, हे मला काही पटलं नाही. तरी पोळी बंद केली, भाकरी सुरू केली. माझी बायको आदल्या वर्षीच गेलेली, त्यामुळे दळण आणायचं काम माझ्याकडे.

पाच महिने झाले तरी फोड जाईनात. माझं डोकं फिरलं. सुनेला म्हणालो, "तूच चोरून बिस्किटं देत असशील."

"अहो बाबा, घरात पुडाच येत नाही."

"मग फोड काय आभाळातून पडतात?"

पुढे आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

पुन्हा दाखवायला मी, सून आणि नात गेलो. बाईंनी सकाळच्या चहापासून सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "भाकरीचं पीठ कुठलं?"

"गल्लीतल्या गिरणीतलं. ताजं. मी स्वतः आणतो."

"तिथे गहूही दळतात?"

"गिरणीत गहू नाही दळणार तर काय सोनं दळणार?" मी म्हणालो, आणि तसाच थांबलो.

गिरणीवाला दर वेळी सांगायचा, "आजोबा, आत्ताच गहू काढलाय. मागून ज्वारी येतेय, तिच्यावर टाकतो, थांबा जरा." मी म्हणायचो, "टाक रे, मला वेळ नाही." वेळ नाही! काय करायचं होतं मला घरी जाऊन? बायको होती तेव्हा डबा ठेवून पायरीवर बसायची. भाकरी नीट थापली जावी म्हणून ज्वारीवर ज्वारी पडेपर्यंत तास तास थांबायची. आणि मी तिच्यावर खेकसायचो, "पिठानं पीठ काय बाटतं?"

बाई म्हणाल्या, थांबून भागलं नसतं. दगडात गहू राहतोच. एवढं ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

घरी आल्यावर सुनेला म्हणालो, "बिस्किटं नव्हती. मीच तिला गहू खाऊ घालत होतो."

"ऐकलं मी. तिथेच बसले होते ना." मग म्हणाली, "आता उभे राहू नका बाबा. तो पिठाचा डबा रिकामा करा आधी."

मुलानं घरघंटी आणली. तिच्यात ज्वारीच दळतो, दुसरं काही नाही. फोड कमी झालेत, गेले नाहीत. नखं मुळाकडून साफ निघतायत. केसांचं काही खरं नाही. दर रविवारी नात माझ्यापुढे पाठ करून बसते आणि मी चष्मा लावून त्या टकलात शोधतो. दोनदा खोटंच सांगितलं, दिसतायत म्हणून. तिनं आरशात बघितलं आणि रडली. आता खोटं बोलत नाही.

"नाही आले," म्हणतो.

"नीट बघ ना आबा."

मग मी पुन्हा बघतो.