रूथबाईंनी न काढलेले वाक्य

पायाने दाबायचे नळ, पाच. पट्ट्या-बोळ्यांच्या डब्यांची सरकती झाकणे, चौदा. शस्त्रक्रियेच्या खोलीची दारे कोपराने उघडावीत म्हणून बसवलेले दांडे, दोन जोड. गंधक भरलेल्या बारीक काचनळ्या. त्यांची संख्या देत नाही, कारण त्या फुटत आणि मी नव्या करीत असे. कार्यालयाने भंगारात काढलेले इंग्रजी टंकलेखन यंत्र, एक. ते काही मी बनवलेले नाही, पण त्याच्या निम्म्या कळा माझ्या कानशीने घासलेल्या आहेत, म्हणून यादीत धरतो. आणि त्या यंत्रावर दोन बोटांनी चार वेळा टंकलेला अकरा पानांचा लेख, एक. शेवटची वस्तू सोडून बाकीचे सगळे आमच्या रुग्णालयात आजही चालू आहे.

मेट्रन रूथबाई साळवे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या हाताखाली जे काम केले त्याविषयी गौरवग्रंथात लिहावे, असे गौरवसमितीने मला कळवले, म्हणून ही यादी आधी दिली. यातली एकही वस्तू बाईंनी दोन-तीनदा परत केल्याशिवाय पक्की झालेली नाही. समितीच्या पत्रात ‘कटू प्रसंग शक्यतो टाळावेत’ अशीही एक ओळ होती. ते माझ्याच्याने होणार नाही. ते टाळले तर माझ्याकडे नळ आणि झाकणेच उरतात.

माझी शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचे गिरणीतल्या यंत्रांनी आणि रद्दीतून आणलेल्या पुस्तकांनी शिकवले. पट्ट्या आणि हत्यारे निर्जंतुक करण्याचे वाफेचे यंत्र रुग्णालयात गळत होते, म्हणून मला गिरणीतून बोलावणे आले. खोलीच्या दारातच बाई उभ्या होत्या.

“मिस्त्री, हात दाखवा.”

दाखवले. तेलाने काळे होते.

“धुवा.”

धुतले.

“आता नखं. आणि मग पुन्हा हात.”

मी म्हणालो, “बाई, मी यंत्र दुरुस्त करायला आलोय, जेवायला नव्हे.”

“जेवायला आला असतात तर एकदाच धुवायला सांगितलं असतं,” बाई म्हणाल्या.

मला राग आला होता, हे कबूल करतो. पण यंत्र दुरुस्त झाल्यावर त्यांनी मला जो प्रश्न विचारला, तो गिरणीतल्या एकाही साहेबाने विचारला नव्हता: “डब्याच्या अगदी मधल्या पट्टीपर्यंत वाफ पोचते, हे तुम्हाला कशावरून कळलं?” मला कळले नव्हते. म्हणून मी गंधकाच्या नळ्या केल्या. पुरेशी उष्णता पोचली की गंधक वितळतो. नळी डब्याच्या मध्यावर ठेवायची आणि नंतर काढून बघायची. पुढे मी गिरणी सोडून रुग्णालयात कायमचा आलो तो या प्रश्नामुळे.

बहात्तरच्या दुष्काळात रुग्णालयात पाणी टँकरने येई. वॉर्डात प्रत्येक ओळीच्या टोकाला जंतुनाशकाच्या पाण्याचे पांढरे एनॅमलचे भांडे असे. एका रोग्याची जखम बांधून दुसऱ्याकडे जाताना डॉक्टर आणि नर्स त्यात हात बुडवीत. रोज सकाळी ते ओतून, घासून नवे भरायचे, असा नियम होता. पाणी संपत आले तेव्हा बाईंनी आदेशवहीत लिहिले की भांडे ओतू नये, कमी झाले तेवढी वर भर घालावी. खाली सही केली. आया मल्लव्वा ते तंतोतंत पाळू लागली. अर्ध्या सोलापुरात तेव्हा घरच्या माठाचेही हेच चालले होते. कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही.

काही आठवड्यांत टाक्यांच्या जखमा चिघळू लागल्या. पट्टीवर हिरवट डाग आणि गोडसर वास. बाईंनी आधी माझ्या यंत्रावर संशय घेतला. मी सगळ्या नळ्या त्यांच्यापुढे मांडल्या. प्रत्येकीतला गंधक वितळून पुन्हा थिजलेला होता. त्यांनी एक-एक नळी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, “तुमचं यंत्र ठीक आहे. मी चुकले.” मग त्या वही घेऊन बसल्या. कोणती खाट, कोणत्या दिवशी पट्टी बदलली, जवळचे भांडे कोणते, हे सगळे त्या लिहीत गेल्या. खाटा वेगवेगळ्या निघत, भांडी तीच निघत. भांड्यातले पाणी बाटलीत भरून त्यांनी प्रयोगशाळेत दिले. जंतू मारायच्या पाण्यातच जंतू वाढलेले होते.

मल्लव्वा अक्कलकोटकडची, घाबरली की कानडीत शिरायची. त्या दिवशी मात्र मराठीतच बोलली. “बाई, मी काय केलं वो? तुमी सांगितलं तेच केलं की.”

“तेच केलंस, मल्लव्वा. चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. चार नर्सेस आणि दोन डॉक्टर ऐकत असताना म्हणाल्या.

भांडी गेली. त्या जागी वाहत्या पाण्याखाली, नळाला हात न लावता हात धुता यावेत, असे काहीतरी हवे होते. आमच्या शेजारी हातमाग होता. विणकर पायाने पावडी दाबतो आणि सूत उचलले जाते, तशीच पावडी मी नळाला जोडली. पाय काढला की पाणी बंद, त्यामुळे टँकरचे पाणीही पुरले. हिरव्या पट्ट्या थांबल्या.

“हे लिहून पाठवायला हवं,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्या कुठल्या तरी गावात या घडीला कुणीतरी वर भर घालत असेल.”

वैद्यकीय मासिकाचे नियम बाईंनी मला वाचून दाखवले: तीन प्रती, ओळींत दुप्पट अंतर, डावीकडे दीड इंच समास, आकृती काळ्या शाईत. बाई लिहीत, मी टंकत असे. प्रत्येक पानाचा समास त्या पट्टीने मोजत. चौथ्या खेपेला पसंतीची मान डोलावली. पहिल्या पानावर आम्हा दोघांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत घालायला त्यांनीच सांगितले. आणि तिसऱ्या पानावर एक वाक्य होते: भांडे न ओतता भर घालण्याचा आदेश या लेखाच्या पहिल्या लेखिकेने दिला होता, आयांनी तो काटेकोरपणे पाळला.

लेख रुग्णालयाच्या प्रमुखांमार्फत जायला हवा होता. तेव्हाच्या प्रमुखांचे नाव मी या ग्रंथात येऊ देणार नाही. त्यांनी तिसऱ्या पानावर बोट ठेवले.

“बाई, हे काढा. ‘कनिष्ठ नोकरवर्गाच्या नजरचुकीने’ असं घाला. कुणाचं काय बिघडतं?”

“मल्लव्वाचं बिघडतं.”

“मल्लव्वाला इंग्रजी येतं का?”

“मला येतं,” बाई म्हणाल्या.

वाक्य राहिले. सही मिळाली, पण महिनाभर फिरवून. रजिस्टर टपालाने लेख गेला. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आले, की काम लक्षणीय आहे. परंतु लेखकांपैकी एक परिचारिका व दुसरा कारागीर असल्याने प्रमुखांचे नाव पहिले असावे, या दोघांचे आभार शेवटी मानता येतील. तसेच व्यक्तिगत दोषाची कबुली शास्त्रीय लेखात शोभत नाही. बाईंनी मला विचारले, “नावाचं काय करू या?” मी म्हणालो, “माझं काढा, तुमचं ठेवा.” त्या म्हणाल्या, “दोन्ही काढली तरी चालतील. वाक्य काढायचं नाही.” तसेच त्यांनी कळवले. लेख प्रमुखांच्या कार्यालयातून परत आला. आकृती परत आली नाही.

ती मला पुढच्या वर्षी दिसली, त्याच मासिकात, प्रमुखांच्या लेखात. कोपऱ्यातली माझी सही कापलेली होती. पण नटाखालची चकती दोन रेषांनी दाखवायची माझी सवय कोणाला कापता आली नव्हती. आभारांत आमचे कोणाचेच नाव नव्हते. तिसऱ्या पानावरच्या वाक्याच्या जागी ‘कनिष्ठ नोकरवर्गाची नजरचूक’ होती. ती मासिकाची प्रत व्यवस्थापक मंडळाच्या टेबलावर गेली आणि त्याच महिन्यात मल्लव्वाला कामावरून काढले. बाई आदेशवही घेऊन मंडळापुढे गेल्या. पान उघडून स्वतःची सही दाखवली. एक सभासद म्हणाले, “बाई, वही हाताने लिहिलेली आहे, हे छापलेलं आहे.” दुसरे म्हणाले, “तुमची निवृत्ती जवळ आलीय. कशाला?”

त्या लेखावर प्रमुखांना पुढे मोठ्या शहरात मोठी जागा मिळाली. मल्लव्वाला काय मिळाले, ते मी पाहिले आहे, कारण मी बरोबर होतो. बाईंनी रजा काढली, मल्लव्वाला एस.टी.त बसवले आणि बार्शीच्या एका प्रसूतिगृहात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंपुढे आधी आदेशवही ठेवली. “हिला का काढलं, ते तुम्ही विचारणारच. हे वाचा. हिने माझं ऐकलं, एवढीच हिची चूक.” मल्लव्वा आजही तिथे आहे. परतीच्या गाडीत बाई म्हणाल्या, “मिस्त्री, त्या मासिकाचं वाचून कुणी भांडी ओतायला लागलं असेल, तर तेवढं तरी बरं झालं.” एवढा मोठेपणा माझ्यात नाही. मला त्यात काही बरे दिसले नाही, आजही दिसत नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल आणि घड्याळ मिळाले. भाषणांत त्यांच्या शिस्तीचा उल्लेख झाला, त्या वहीचा झाला नाही. म्हणून तो इथे केला.

बाईंचे गुडघे दुखतात, ते थांबोत. दृष्टी आहे तशीच तीक्ष्ण राहो. त्यांनी पुष्कळ वर्षे जगावे, आणि कोणाच्याही दारात उभे राहून “हात दाखवा” म्हणावे.

एक गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही; ती त्या इथेच वाचतील. मागच्या वर्षी शुक्रवार पेठेत माझ्या घरी वैद्यकीय सामानाचे एक व्यापारी आले होते. माझा नळ त्यांना देशभर विकायचा होता. नळ प्रमुखांच्या आराखड्यावरून केला, असे मी लिहून द्यायचे आणि साचे द्यायचे. बरोबर नळासोबतचे छापील पत्रकही होते. त्यात कनिष्ठ नोकरवर्गाची नजरचूक जशीच्या तशी होती. मी म्हणालो, नाव कोणाचेही घाला, ही ओळ काढा. ते म्हणाले, पत्रके छापून झाली आहेत. मी साचे दिले नाहीत, सही केली नाही. ते देत होते सात हजार रुपये, माझा दोन वर्षांचा पगार.