यांचा पाय आणि आमची गल्ली

घरात माणूस आडवा पडला की औषधांच्या रिकाम्या पट्ट्या साठतात, एक्स-रेची पाकिटं साठतात आणि किस्सेही साठतात. पट्ट्या मी फेकून दिल्या. किस्से मात्र आमच्याकडे नालवाडीला जो येईल त्याला चहाबरोबर सांगते. तुम्हीही ऐका.

तर आमचे हे देवळीहून मोटरसायकलने येत होते. कोणीतरी रस्त्यावरच सोयाबीन वाळत घातलं होतं. गाडी घसरली, मांडीचं हाड मोडलं. सावंगीच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी रक्ताची सोय करून ठेवायला सांगितली.

सगळ्यात आधी गल्लीतले उईके सर उभे राहिले. सर शाळेत विज्ञान शिकवतात, रक्तदानावर दरवर्षी भाषण देतात. स्वतः मात्र कधी दिलं नव्हतं, हे सुई पाहिल्यावर त्यांचा चेहरा बघून कळलं! रक्त दिलं खरं, पण यांना भेटायला खोलीत आले आणि चक्कर येऊन शेजारच्या कॉटवर आडवे झाले.

सासूबाई मुलासाठी नारळपाणी घेऊन आल्या होत्या. बघते तर सरांच्या उशाशी बसून त्यांनाच पाजताहेत!

"माय, पेशंट कोण हाय इथं?" हे पलंगावरून ओरडले.

"तुले तं उचलूनच आणलं," सासूबाई म्हणाल्या. "हा बिचारा चांगला चालत आलता!"

*

घरी आलो आणि डबे सुरू झाले. मेथीनं हाड लवकर जुळतं अशी गल्लीची खात्री. ज्या त्या घरून मेथीचेच लाडू! यांना मेथी पाहिली तरी कडू लागते.

आता आमच्याकडे आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, अशी रीत. मला तर खिचडी टाकायलाही वेळ नव्हता. मग काय, याच्या घरचे लाडू त्याच्या डब्यात, त्याच्या घरचे याच्या. असे लाडू गल्लीत फिरू लागले.

एक दिवस समोरच्या सुरकारकाकू आल्या. "लाडू भेटले वं. कोणाच्या हातचे होते?"

मी ओळखलं, काकूंचेच लाडू फिरून काकूंकडे पोचले! पटकन म्हटलं, "उईके मॅडमच्या."

"तरीच. त्याईले सांगजो, मेथी तुपात नीट भिजवत जा म्हणा. आपल्यासारखे नाई झाले."

*

सासूबाईंचं आणि माझं तसं सख्य नाही. भांडण नाही, पण सख्यही नाही. जागरणानं एका दुपारी मी बैठकीतल्या सोफ्यावरच आडवी झाले. जाग आली तेव्हा अंगावर त्यांची शाल होती. दारात पाहुणे उभे, आणि सासूबाई त्यांना आत येऊ देत नव्हत्या.

"सून घरी नाई. संध्याकाळी येजा."

"अहो, त्या काय समोर झोपल्या आहेत!"

"झोपली म्हंजे घरी नाईच!"

मी डोळे मिटूनच घेतले. खरं सांगते, रडू आलं होतं.

*

एवढं सगळं झालं, पण हे काही चालेनात. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता चालला नाहीत तर पाय आखडेल, जन्माचं लंगडणं राहील. वॉकर आणला. तो धरून हे बाथरूमपर्यंत जायचे, पण उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. "लोकं पाह्यतीन!" मी रागावून पाहिलं, सासूबाईंनी रडून पाहिलं. मला आतून भीती वाटायला लागली होती.

आता आमच्या गल्लीत नळाला ठरलेली वेळ नाही. पाणी येण्याआधी नळ फुसफुसतो, तो आवाज यांच्याच कानाला आधी कळतो. वर्षानुवर्षं हेच दारोदार जाऊन कड्या वाजवत, "नळ आले!" म्हणून सांगायचे. हे पडल्यापासून ज्याचा तो जागा राहून बघत होता.

त्या दिवशी सकाळी नळ फुसफुसला. गल्लीत मात्र एकही दार उघडेना.

हे बिछान्यात उठून बसले. "अवं, पाणी आलं. कोणी उठून काऊन नाई राह्यलं?"

"माझे हात कणकेत आहेत," मी म्हटलं.

यांनी सुरकारकाकूंना फोन लावला. उचलला नाही. उईके सरांना लावला. त्यांनीही नाही.

"पाणी चाललं जाईन ना!" असं म्हणत यांनी वॉकर ओढला आणि उंबरा ओलांडला. मी कणकेच्या हातानं मागे.

सुरकारकाकूंची कडी वाजवली. काकू पदर सावरत आल्या. "अगं बाई, आले काय नळ? मले तं समजलंच नाई भाऊजी!"

मग उईके सरांकडे. मध्ये दोनदा थांबले, घामाघूम झाले, पण पोचले. सर डोळे चोळत दारात आले. "नळ आले काय? बरं झालं तुम्ही सांगतलं. मले झोपच लागली होती!"

सरांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चिंब ओली. मागे अंगणात ड्रम काठोकाठ भरून वाहत होता.

यांनी ड्रमकडे पाहिलं. मग सरांच्या पँटीकडे पाहिलं.

"भरून घ्या सर, लवकर जाते आजकाल," हे म्हणाले, आणि वॉकर उचलून पुढच्या दाराकडे वळले.