गौरीचे पाय

आमच्या मुलुंडच्या इमारतीमागे टेकडीचा उतार आहे. झाडाची सावली नाही, पण पावसाळाभर पाणी पाझरत असतं. तिथे विद्याधरकाका उकिडवे बसलेले दिसले की नवा वॉचमन हमखास विचारतो, काय हरवलंय? तळमजल्यावर एकटे राहणारे, विम्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले हे काका गवत बघत असतात. मला विचाराल तर असा शेजारी लाभणं हे भाग्यच, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणारं एक तोंड कमी.

त्या उतारावर त्यांना एक आमरी, म्हणजे रानातलं ऑर्किड, सापडली होती. झाडाच्या फांदीवरची नव्हे, मातीतून उगवणारी. जमिनीला चिकटलेली तीन-चार पानं आणि त्यांना पिवळसर कड. नावाचा अंदाज त्यांना होता, पण फूल पाहिल्याशिवाय ते नाव घ्यायला तयार नव्हते. पहिल्या वर्षी कळ्या अळीने खाल्ल्या. गेल्या वर्षी पुन्हा दांडा आला, कळ्या धरल्या, आणि आता कळेल, असं काकांनी कोणी न विचारता अख्ख्या बिल्डिंगला सांगून टाकलं.

गौरी आणायच्या दिवशी ते उतारावर गेले तर तिथे नुसता खड्डा. दारोदार विचारत ते आमच्याकडे आले आणि उंबऱ्यातच थांबले.

माझी आई, सुलक्षणा, कुडाळची. आमच्याकडे गौर तेरड्याची. सुपात तेरड्याची जुडी उभी होती, साडी नेसवायची बाकी होती, आणि मधोमध काकांची आमरी, फुलं उमललेली. पिवळं फूल बरं दिसलं म्हणून आईने तीही उपटून आणली होती. मी मनात म्हटलं, वाट लागली.

काका गुडघ्यांवर बसले. ते पाया पडतायत असं वाटून आईने हळदकुंकू पुढे केलं. त्यांनी खिशातून भिंग काढलं. फुलाचे भाग पाहिले, पानाची कड पाहिली आणि पुटपुटले, "हबेनारिया मार्जिनाटा. तीच." मग एकदम त्यांचा आवाज उतरला. "वहिनी, मुळं तोडलीत?"

आई दुखावली. "गौरीचे पाय कोण तोडता?"

मुळं म्हणजे गौरीची पावलं, म्हणून आमच्याकडे रोप मुळासकट आणतात. त्यामुळे आमरीचा मुळाशी असलेला कंदही शाबूत होता. पण ओवाळून घरात घेतलेली गौर विसर्जनाआधी बाहेर काढायची नाही, यावर आई ठाम राहिली. काकांनी वाद घातला नाही. त्यांनी कंदाभोवती ओला चिखल लिंपून फडकं बांधलं आणि विसर्जनापर्यंत सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायला आले. शेजारी म्हणाले, म्हातारा देवाला लागला.

विसर्जनाला आरती झाल्यावर आईने जुडीतून ती एकटी वेगळी काढून काकांच्या ओंजळीत दिली. "बाकीच्यांका पाण्यात पोचवतंय. हिका हिच्या घराक पोचवा." काकांनी तिला त्याच खड्ड्यात लावलं. ती जगेल की नाही, हे पुढच्या पावसाशिवाय कळणार नव्हतं.

यंदा श्रावणात त्यांनी आईला हाताला धरून उतारावर नेलं. मी मागोमाग. पिवळ्या कडेची पानं जमिनीला चिकटून होती. काकांनी आईच्या हातात भिंग दिलं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

"इलंस गो बाय," ती म्हणाली.

भर उन्हात काकांनी त्या पानांना हात जोडले आणि मग वळून आईलाही.