थॅडी रोहनची पाटी

थॅडी रोहनला पोहता येत नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण गावात दुसरं कोणी सांगणार नाही. उभ्या जन्मात हा माणूस विंडसर्फिंगच्या फळीवर चढलेला नाही. अडुसष्ट वर्षांचा गाजरं पिकवणारा गडी. गुडघ्यापर्यंत गमबूट, कानापर्यंत टोपी, लग्न नाही, कार्य नाही. आणि मी, फ्लॉर स्पिलेन, दोनदा प्रांताची शर्यत जिंकलेला, फळ्या आणि शिडं भाड्यानं देणारा, दुकानाच्या छपरावर वारा मोजायचं यंत्र बसवलेला. पण हिवाळ्यात लोक गाडी कुठे थांबवायचे? थॅडीच्या फाटकाशी!

आमचं गाव वाळूच्या लांबट पट्टीवर आहे. पश्चिमेला उघडा अटलांटिक, पूर्वेला आतला उपसागर, मधे चालत दहा मिनिटं. उन्हाळ्यात कुठेही उतरा, कोणी विचारत नाही. हिवाळ्याची गोष्ट वेगळी. वारा नैऋत्येचा असला की पश्चिमेचा किनारा म्हणजे स्वर्ग. तोच वारा आग्नेयेला फिरला की तोच किनारा वैरी होतो, कारण मग वारा जमिनीवरून सुटतो आणि माणसाला उचलून थेट अमेरिकेच्या वाटेला लावतो. अशा दिवशी पूर्वेलाच उतरायचं. म्हणून सकाळी एकानं किनारा सांगायचा आणि बाकीच्यांनी मुकाट ऐकायचं, ही आमच्याकडची रीत. आणि ज्यानं सांगितला, त्यानं दुपारी जाऊन शेवटचं शीड बाहेर येईपर्यंत तिथे उभं राहायचं.

हा मान वीस वर्षं थॅडीकडे. सकाळी उजाडताच तो वाळूच्या टेकाडांवर जायचा. तिथलं गवत वाऱ्यानं वाकतं आणि पात्याचं टोक वाळूवर गोलसर रेघ ओढतं. त्या रेघा बघायचा, समुद्र कुठल्या अंगाला गाजतोय ते ऐकायचा, फाटकावरच्या पाटीवर खडूनं ‘पूर्व’ नाहीतर ‘पश्चिम’ लिहायचा आणि गाजरं उपटायला निघून जायचा. झालं! एवढ्यावर डब्लिनहून पाच-पाच तास गाडी हाणत आलेली माणसं डोळे मिटून पाण्यात उड्या टाकायची.

मी जळायचो. कशाला लपवू? पोटात नुसती आग पडायची. त्यात आमचा पोस्टमन मॉसी, त्याला तेल ओतायची भारी हौस.

“काय फ्लॉर, यंत्र काय म्हणतंय?”

“दक्षिण-नैऋत्य. बावीस नॉट.”

“वा! मग आता थॅडीला विचारून खात्री करून घे.”

मॉसीचं एक वेळ सोडून देऊ. पण माझी बायको हॅना? फळी माझ्या दुकानातली, शीड माझ्या दुकानातलं, आणि बाईसाहेब विचारायला जायच्या गाजरवाल्याकडे.

“अगं, घरात विजेता बसलाय, त्याला विचार की!”

“तू आत्ताचा वारा सांगतोस, फ्लॉर. तो दुपारचा सांगतो.”

“दुपारचा सांगतो म्हणे! गाजराच्या देठात दिसतो का त्याला?”

“जळू नकोस. चहा निवतोय तुझा.”

बायकोनं असं हसत हसत म्हटलं ना, की शिवी परवडली.

जानेवारीतला शनिवार होता. नऊ वाजता पाव आणायला निघालो. पाटीवर ‘पूर्व’. माझं यंत्र छातीठोकपणे दक्षिण-नैऋत्य सांगत होतं, म्हणजे पश्चिम. आता तुम्हाला वाटेल की माझा यंत्रावर विश्वास होता म्हणून मी पुढचं केलं. नाही हो. थॅडीचंच खरं होणार, दुपारपर्यंत वारा आग्नेयेला फिरणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी बाहीनं पाटी पुसली आणि ‘पश्चिम’ लिहिलं.

हिशेब साधा होता. लोक पश्चिमेला उतरतील, वारा फिरायला लागला की फळ्या ओढत बाहेर येतील, थॅडीच्या नावानं खडे फोडतील. सगळे मुरलेले गडी, कोणाला काही होणार नाही. हॅना तर बहिणीकडे ट्रलीला जाणार होती. पुढे मॉसी भेटला तेव्हा त्याला मुद्दाम ऐकवलं, “माझं विचारशील तर आज पूर्व.” साक्षीदार नको का!

मग दुकानात येऊन बसलो. इतका खूष मी कित्येक वर्षांत नव्हतो.

साडेबाराला मॉसी धावत आला. दारातच धापा टाकत म्हणाला, “चल लवकर! पश्चिमेला कोणीतरी आत समुद्रात वाहत चाललंय.”

झालं होतं असं. रीतीप्रमाणे थॅडी बाराच्या सुमाराला थर्मास घेऊन पूर्वेला जाऊन उभा राहिला. पाण्यात एकही शीड नाही. काहीतरी बिनसलंय हे ओळखून तो तसाच ट्रॅक्टर घेऊन पश्चिमेला आला. पाच जण शिव्या देत फळ्या ओढत होते. सहावं शीड लांब गेलं होतं आणि लहान लहान होत होतं. त्यानंच जीवरक्षक बोटीला फोन केला. मी पोचलो तेव्हा तो लाटांत गुडघाभर उभा होता, पोहता न येणारा माणूस.

“कोण आहे?” मी विचारलं.

“हॅना,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

तिची बहीण तापानं पडली होती, म्हणून ट्रलीला जायचं रद्द झालं होतं. मला सांगायला ती दुकानाशी थांबलीसुद्धा नव्हती. कशाला थांबेल? पाटी वाचली होती ना तिनं.

बोटीला ती सापडेपर्यंत पावणेदोन तास गेले. त्या पावणेदोन तासांबद्दल मी काही लिहिणार नाही.

धक्क्यावर उतरवलं तेव्हा ओठ निळे, दात वाजतायत, अंगावर तीन कांबळी. तशातही ती सगळ्यांदेखत थॅडीवर कडाडली. “तुझी पाटी वाचून गेले मी! वीस वर्षं डोळे मिटून ऐकलं तुझं, आणि आज मेले असते! डोळे गेले का तुझे?”

थॅडीनं टोपी काढली. त्याचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. “चुकलं माझं, हॅना,” तो म्हणाला. “म्हातारा झालो.”

मग त्यानं एकदाच माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी नव्हती. गाड्या माझ्या दुकानाशी थांबायला लागल्या. “फ्लॉर, आज कुठे रे?” हे ऐकायला माझे कान वीस वर्षं आसुसले होते. आणि घरी, बेकन आणि कोबीचं ताट पुढे ठेवताना हॅना म्हणाली, “मॉसी सांगत होता, त्या दिवशी तू पूर्व म्हणाला होतास. माझंच चुकलं. यापुढे तुलाच विचारीन.”

मी ताट तसंच सोडून उठलो.

मी थॅडीकडे गेलो. तो गाजरांची पानं खुडत बसला होता.

“तुला माहीत होतं,” मी म्हणालो. “मग धक्क्यावर का नाही बोललास?”

“कोणाला, तिला? तिला घरी तुझ्याकडेच जायचं होतं ना? मला चार शिव्या बसल्या. माझं काय गेलं? माझ्या घरी कोण आहे मला विचारायला?”

“शिव्या दे मला, थॅडी. थोबाडीत मार.”

“वेळ नाही रे बाबा. गाडी येईल गाजरांची.” आणि मग, डोकं वर न करता, “दुपारी किनाऱ्यावर उभा राहतोस ना पण? नुसतं सांगून येऊ नकोस.”

मी काय करायला हवं होतं? त्याचे पाय धरायला हवे होते. पण तिथे उभ्या उभ्या मला काय वाटलं सांगू? वाटलं, हलकट म्हातारा, इथेही माझ्या वरचढ ठरला!

आठवडाभर कळ काढली. आज रविवार, चर्चमधून आल्यावर हॅनाला सगळं सांगून टाकलं. बाहीनं पुसलेली पाटी, मॉसीला मुद्दाम ऐकवलेलं, थॅडीचं बोलणं, काही ठेवलं नाही. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, “म्हणजे त्यानं सगळं माहीत असून माझं ऐकून घेतलं?”

“हो.”

तिनं कोट घातला, सकाळी भाजलेला सोडाब्रेड फडक्यात गुंडाळला आणि निघून गेली.

आमच्या खिडकीतून त्याचं घर दिसतं. दोन तास होत आले. परत आल्यावर ती माझ्याशी बोलेल की बॅग भरेल, देव जाणे. मी किती नीच वागलो याचा विचार करायला हवा, तो मी करतोही. पण मधे मधे नजर त्याच्या धुराड्याकडे जाते. त्याच्या स्वयंपाकघरात ती बसली असेल, माझ्या घरचा पाव कापून त्याला लोणी लावून देत असेल. इतकं सगळं होऊनही, मेल्याचा हेवा वाटतोय मला.