चिंचेने घासलेली काडतुसं

गुजरातेत, उधन्याच्या कापड मिलमध्ये चिंधाआप्पाने एकतीस वर्षं तागे तपासले. टेबलावरून कापड सरकायचं, आप्पाचा अंगठा फिरायचा आणि निकाल लागायचा, 'फ्रेश', नाहीतर डागी असेल तर 'सेकंड'. निवृत्तीनंतर गल्लीने त्याला कापडाबाहेरही नेलं. आंबे, गॅसची नळी, मुलीसाठी आलेलं स्थळ, सगळं त्याच्या अंगठ्याखालून जाऊ लागलं. गल्लीत त्याचा तेवढाच मान. घरात सून त्याला टीव्हीचा रिमोटसुद्धा देत नसे.

शेजारच्या उषाबाईचा नवरा बँकेचा बंदूकधारी रखवालदार होता. तो वारल्यावर पिस्तूल पोलिसांत जमा झालं, पण ट्रंकेच्या तळाशी बारा काडतुसांची जुनी डबी राहून गेली. तिच्या मुलीचं, गायत्रीचं लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा ती सापडली. भाऊ कुंदनने ठरवलं की वरातीत सुकलालमामाने ती हवेत उडवायची. मामाकडे लायसन्स पिस्तुलाचं होतं, अकलेचं नव्हतं.

तरी कुंदनने आधी पर्वत पाटिया भागातल्या प्रमोदला फोन केला. त्याला जुन्या काडतुसांची जाण होती, तो ती जमवायचा. तो हरखला. "पितळ काळवंडलंय? छान! मी येतोय, हात लावू नका."

पण पाहुणा येणार आणि घरातलं पितळ काळं? उषाबाईला ते बघवेना. तिने बाराही काडतुसं चिंचेने लख्ख घासली, दोन पाण्यांतून काढली आणि गच्चीवर नागलीच्या पापडांशेजारी वाळत घातली.

प्रमोद गच्चीवर आला आणि काडतुसं बघून ओरडलाच. "मावशी, काय केलंत हे! आता संग्रहात कोण ठेवणार यांना?"

"मंग उडवाले चालतीन ना?"

"चकाकी बघून ते कळत नाही. आतली दारू बिघडली असेल, तर पिस्तूल हातातच फुटेल. पोलिसांना कळवा," असं म्हणून प्रमोद दोन-दोन पायऱ्या उतरत पळाला.

कुंदनला मात्र दुसरा तज्ज्ञ ठाऊक होता. त्याने आप्पाला गच्चीवर आणलं. "आप्पा, तमे चेक करी आपो ने. फ्रेश के सेकंड?"

आप्पाने एक काडतूस अंगठ्याखाली फिरवलं. गुळगुळीत, कुठे गाठ नाही, भोक नाही. 'फ्रेश' अगदी ओठांवर आलं. शेजारपाजारच्या गच्च्या माणसांनी भरल्या होत्या. एक शब्द टाकला की मान शाबूत. पण त्याच्या डोळ्यांसमोर सुकलालमामाचा हात आला. या अंगठ्याला कापडाशिवाय काही कळत नाही, हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

"माले नही माहीत," तो म्हणाला.

कुणीतरी ओरडलं, "आप्पालाच माहीत नाही, म्हणजे फुटणारच!" आणि गल्ली रिकामी झाली. उषाबाईने पापड उचलले आणि पळाली. गुडघ्यांमुळे आप्पा तेवढा काडतुसांपाशी राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे पोलीस आले, वाळूच्या बादलीत काडतुसं घेऊन गेले आणि जाताना कुंदनची भरपूर खरडपट्टी काढली.

लग्नात आप्पाला कुणी काही विचारलं नाही, डाळीत मीठ बेताचं आहे का, एवढंसुद्धा नाही. पंगतीत समोरच सुकलालमामा बसला होता, हिरमुसलेला. दोन्ही हातांनी तो जिलेबी मोडत होता. आप्पाने त्याची बोटं मोजली. दहा भरली. मग त्याने वाढप्याला हाक मारली आणि मामाच्या ताटात आणखी दोन जिलेब्या घालायला लावल्या.